तीनशे अकरा हिरवे दिवे

बेलखडी गावात कुणालाही काहीही समजत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते सिद्ध करायला पुढे सरकारनं यंत्र पाठवलं, एवढाच काय तो फरक.

मी दिगंबर शेवाळे. लोकमित्र सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल, वर्ग क. राहायला तालुक्याच्या गावी, रोज सकाळच्या एसटीनं बेलखडीला. दोन खोल्या, साडेचार हजार पुस्तकं, त्यातल्या निम्म्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती सात-आठ माणसं असायची, पैकी सहा राशिभविष्यापुरती. तपासणी जवळ आली की मी वाचकांच्या हजेरीवहीत चार रंगांच्या पेनांनी सह्या करायचो. तिरप्या, गोल, एखादी मुद्दाम डाव्या हातानं, म्हणजे म्हाताऱ्याची वाटावी. तपासनीस यायचा, वही चाळायचा, चहा प्यायचा आणि वाचनसंस्कृतीबद्दल समाधान व्यक्त करून जायचा. त्यालाही ठाऊक होतं. पण वही भरलेली आहे म्हटल्यावर त्याला आणखी काय हवं होतं?

मग 'उमज' आलं.

जिल्हा समन्वयक म्हणून साबडे नावाचा एक तरुण गळ्यात ओळखपत्र अडकवून आला. त्यानं नारळ फोडला आणि माहिती आता शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणार असं भाषण ठोकलं. शेवटचा माणूस भाषणाला आलाच नव्हता, तो दूध घालायला डेअरीवर गेला होता. वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब इंगवले, हेच गावचे सरपंच, पहिल्या खुर्चीत बसून दर वाक्याला मान हलवत होते.

यंत्र मात्र खरोखर हुशार होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. एक पडदा, एक काच, अंगठ्याची पाटी आणि कपाळाला बांधायचा एक पट्टा. काचेखाली कुठलाही कागद ठेवा, सातबारा, कोर्टाची नोटीस, औषधाची चिठ्ठी, यंत्र त्याचा सोप्या मराठीत धडा करून वाचून दाखवणार. शिवाय सरकारनं ठरवलेले चाळीस धडे होतेच: पाणी, माती, कायदा, आरोग्य.

पण यंत्राची खरी करामत पट्ट्यात होती. आपण एखादं वाक्य ऐकतो तेव्हा मेंदू पुढच्या शब्दाचा अंदाज आधीच बांधत असतो. 'गाईनं वासराला दूध' इथवर ऐकलं की 'पाजलं' हा शब्द डोक्यात येऊन बसलेला असतो. त्याऐवजी कुणी 'विकलं' म्हणालं, तर अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेचा एक बारीकसा झटका उमटतो. माणसाला तो जाणवतही नाही. हा झटका थांबवता येत नाही, आणि मुद्दाम आणताही येत नाही. उमज धडा सांगताना मधूनच एखादा शब्द उलटा करून टाकायचं. तुम्हाला धडा समजत असेल तर त्या शब्दाला झटका येणार. समजत नसेल तर चूक आणि बरोबर तुम्हाला सारखंच, मेंदू ढिम्म. बारा उलटे शब्द, बारा झटके, की तुमच्या नावापुढे हिरवा दिवा. नाहीतर तांबडा, आणि धडा पुन्हा पहिल्यापासून, आणखी सोपा करून.

बेलखडीची रीत अशी, की चार शिकलेली माणसं बोलत असतील तर मान हलवायची. समजलं नाही असं म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाचा अपमान. डॉक्टरपुढे हीच रीत, तलाठ्यापुढेही हीच. आणि आता हे यंत्र आलं होतं, ते मान बघतच नव्हतं.

पहिल्याच दिवशी बापूसाहेब बसले. धडा एक, विहिरीचं पाणी. दोन तास बसले, गंभीरपणे मान हलवत. तांबडा. यंत्र धडा सोपा सोपा करत शेवटी तिसरीच्या मुलाला सांगावं तसं सांगायला लागलं. तरी तांबडा. माणसं खिडकीतून बघत होती. बापूसाहेब उठले आणि म्हणाले, यंत्र बिघडलंय. त्यांच्यामागून हायस्कूलचे हेडमास्तर बसले, त्यांनाही तांबडा लागल्यावर यंत्र बिघडलंय यावर गावाचं एकमत झालं. नाचता येईना, अंगण वाकडं. आठवड्यात वाचनालयात चिटपाखरू उरलं नाही.

आणि मी? मी पट्टा घातला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, मी शिकवणाऱ्यांतला, शिकणाऱ्यांतला नव्हे.

साबडेचा फोन आला. सत्तर टक्के मतदारांचे चाळीस धडे वर्षात हिरवे झाले पाहिजेत, नाहीतर यंत्र परत जाईल आणि वाचनालयाचा वर्ग खाली येईल. मी रिकाम्या खोलीत धडा एक लावून बसलो, त्यात कुठे पळवाट आहे का ते शोधत. शालन झाडत होती.

शालन मदने सकाळी वाचनालय झाडायची आणि दुपारी शाळेची खिचडी शिजवायची. चौथी शिकलेली, चाळिशीची, दोन शब्दांच्या जागी एक बोलणारी. आठ वर्षं ती या खोल्या झाडत होती, आणि तिला पुस्तकांवरची धूळ सोडून त्यांच्याशी काही देणंघेणं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. यंत्र म्हणालं, पाऊस सरला की दिवाळीनंतर विहिरीची पातळी हळूहळू चढू लागते.

"चढती कुठली," ती झाडू न थांबवता म्हणाली. "उतरती."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि कुणाचाही अंगठा न घेता, नुसतं बघायला म्हणून, पट्टा बांधला. चार मिनिटांत हिरवा. दुसऱ्या धड्याला हिरवा. पाचव्या धड्यात मुरमाखालच्या काळ्या खडकाच्या भेगा होत्या, मला स्वतःला धड समजल्या नव्हत्या. तिथेही हिरवाच. खूप वर्षांनी माझ्या वाचनालयात कुणीतरी काहीतरी शिकलं होतं, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला? हजेरीवहीचा.

कारण यंत्र माणूस ओळखायचं ते अंगठ्यावरून. आणि मेंदूची नोंद साठवायला कायद्यानं बंदी, ती संध्याकाळी पुसली जायची. मागे उरायचा फक्त अंगठा आणि दिव्याचा रंग. रेशनच्या दुकानात वर्षानुवर्षं अंगठे देऊन बेलखडीच्या माणसांना अशी सवय लागली होती, की पाटी दिसली की अंगठा आपोआप पुढे यायचा. कशासाठी, हे विचारणं त्यांनी कधीच सोडलं होतं. डेअरीच्या वाटेवर मी खिडकीत पाटी ठेवली. माणूस यायचा, अंगठा टेकवायचा, किटली उचलून चालू लागायचा. आत पट्टा शालनच्या कपाळाला. पटापट झटके आले की यंत्र धडा तीन मिनिटांत आटपायचं. चार रंगांच्या पेनांपेक्षा हे सोपं होतं.

वर्षभर ते चाललं. राज्यातल्या सर्वांत समजूतदार गावांच्या यादीत बेलखडी चौथी आली. बापूसाहेबांनी सत्कार घेतला. साबडेनं आमच्यावर एक सादरीकरण केलं आणि ते तीन जिल्ह्यांत दाखवलं. एकाच डोक्यातून इतकी माणसं कशी शहाणी होताहेत, हे कुणी विचारलं नाही. आकडा चांगला असला की त्याच्या पोटात कोण शिरतो?

शालननं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तिच्या नावावर एकदा पट्टा घालू द्यावा. चाळीस धडे हिरवे असलेल्याला गावचा जलमापक होता येत होतं, विहिरींची पातळी मोजून नोंदवण्याचं काम. तिला ते करायचं होतं. पण नाव चढवायला वाचनालयाचं सभासद असावं लागे, आणि सभासदत्वाला समितीची शिफारस. मी बापूसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, झाडणारी सभासद झाली तर झाडायचं कुणी? समिती हसली. त्यांच्यासोबत मीही हसलो. शालनला सांगितलं, शेवटी बघू. जलमापकाची जागा बापूसाहेबांच्या पुतण्याला मिळाली, शालनच्या डोक्याच्या जोरावर. विहिरीत टेप सोडायची असते की दोरी, हेही त्याला माहीत नव्हतं.

मग आला धडा एक्केचाळीस.

त्याआधी कायद्याबद्दल दोन शब्द. पूर्वी एखाद्या कंपनीनं गावाकडून कागदावर अंगठे घेतले, तर गाव कोर्टात जाऊन म्हणू शकायचं, साहेब, आम्हाला समजलंच नव्हतं. अडाणी माणसाच्या हातातलं ते शेवटचं हत्यार होतं, आणि ते पुष्कळदा चालायचंही. उमज आल्यावर विधिमंडळानं ठरवलं की आता कुणाची फसवणूक व्हायला नको. गावचं पाणी कुणाला द्यायचं असेल तर प्रत्येक मतदाराला करार धडा म्हणून ऐकवायचा. हिरवा दिवा लागला की तीस दिवस हरकतीला. तीस दिवस गप्प राहिला तर त्याची संमती. हेतू उत्तम होता. हेतू वाईट असलेला कायदा मी अजून पाहिलेला नाही.

करार होता माळावरच्या डेटा सेंटरचा. उमजचे धडे ज्या संगणकांतून येतात ते संगणक तापतात, आणि त्यांना थंड करायला पाणी लागतं. साऱ्या राज्याला शहाणं करायचं म्हणजे बरंच पाणी लागणार. माळावर नऊ बोअर, सहाशे फूट. बेलखडीची सगळी उन्हाळी भिस्त गावामागच्या खडीच्या झऱ्यावर, आणि त्या झऱ्याला पाणी यायचं ते त्याच माळाच्या पोटातून.

हे मी आज सांगतोय. तेव्हा मी तो धडा ऐकला नव्हता. एक्केचाळिसावा, सर्व मतदारांना सक्तीचा, एवढंच माझ्या यादीत होतं.

शालननं पहिल्यांदा ऐकला आणि पट्टा काढून ठेवला.

"सर, ह्यात आपला झरा आटतोय."

मी म्हटलं, धडा आहे तो, धड्यात काय वाटेल ते असतं. ती म्हणाली, धडा नाही, करार आहे, भेगांचा धडा पाचवा होता तो आठवा. मला पाचवा आठवत नव्हता. मला फक्त यादी दिसत होती. मी तिला सांगितलं की हरकतीला तीस दिवस असतात, बापूसाहेबांना मी स्वतः सांगतो, ते गावातर्फे हरकत घेतील, तू काम पुरं कर. तिनं पट्टा पुन्हा बांधला. ती माझ्या शब्दावर विसंबली, हे मी इथे साफ लिहून ठेवतो.

त्या दिवसांत तिनं आणखी एक केलं. खिडकीत अंगठा द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आतून सांगायची, ह्यानं झरा जाईल, तीस दिवसांत हरकत लिवा. बापूसाहेबांचा अंगठा मी पाटी त्यांच्या घरी नेऊन घेतला होता, ते सोडून तीनशे दहा माणसांना तिनं सांगितलं. प्रत्येकजण "हो, हो" म्हणाला आणि किटली उचलून गेला. काही जण हसले, शालनला धडा चढला म्हणून. मी बापूसाहेबांना सांगितलं नाही. त्या आठवड्यात ते दुसऱ्या सत्काराच्या गडबडीत होते, आणि मला त्यांचा मूड घालवायचा नव्हता. कारण एवढंच. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

शेवटच्या अंगठ्यापासून चौतिसाव्या दिवशी माळावर बोअरच्या गाड्या चढल्या.

मग गाव जागं झालं. बैल गेला नि झोपा केला. तहसीलदारबाई आल्या तेव्हा वाचनालयाच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. सगळे एकच बोलत होते: आम्हाला काय माहीत, आम्ही नुसता अंगठा दिला, आम्हाला समजलं नव्हतं. तहसीलदारबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पडदा गावाकडे वळवला. तीनशे अकरा नावं, तीनशे अकरा हिरवे दिवे. बापूसाहेबांचा दिवा तर दोन मिनिटं चाळीस सेकंदांत लागलेला. त्या म्हणाल्या, तुम्हाला हा करार माझ्याहून चांगला समजलेला आहे. समजलं नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

बापूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द उच्चारला तर दिवे विझत होते, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. पण मग सत्कार, पुतण्याची जागा, राज्यातला चौथा क्रमांक, सगळंच विझत होतं. त्यांनी नजर वळवली. मीही वळवली. घरचं पाणी जात असताना माणूस आपला फोटो वाचवतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझ्याजवळ तर वाचवायला फोटोही नव्हता, नुसती नोकरी होती.

तेवढ्यात तहसीलदारबाईंबरोबर आलेला डेटा सेंटर कंपनीचा माणूस यादी चाळत म्हणाला, एक नाव राहिलंय. मतदार तीनशे बारा आहेत. मदने शालन, एकही धडा नाही. गावात एकच व्यक्ती अशिक्षित राहिली आहे, तेवढी आता उरकून घेऊ, म्हणजे यादी पूर्ण.

सक्तीच्या धड्याला सभासदत्व लागत नव्हतं, पण मी नेहमीच्या सभासदांच्या यादीवरच थांबलो होतो. शालन पुढे आली. स्वतःचा अंगठा तिनं त्या पाटीवर पहिल्यांदाच ठेवला. तहसीलदारबाईंनी स्वतः पट्टा बांधला आणि समजुतीनं सांगितलं, घाबरू नका, नाही समजलं तर पुन्हा ऐकवू. दोन मिनिटं दहा सेकंद. हिरवा.

"म्हंजी आजपासनं तीस दिवस," शालन म्हणाली.

कंपनीच्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. यादी पुरी करण्याच्या हौसेपायी त्यानं गावातल्या एकुलत्या एका समजलेल्या माणसाला हरकतीचा हक्क देऊन टाकला होता. तहसीलदारबाईंनी बोअर थांबवायला सांगितलं, तीस दिवसांपुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या दारात रांग. जे "हो, हो" म्हणून गेले होते तेच आले होते, ताई म्हणत, वहिनी म्हणत. बापूसाहेब सभासदत्वाचा अर्ज घेऊन आले, शिफारशीसकट. तिनं अर्ज ठेवून घेतला आणि त्यांना बसायलाही सांगितलं नाही. पण साबडेनं मला फोनवर जे सांगितलं ते रांगेतल्या कुणाला माहीत नव्हतं. एकटीची हरकत आली तर सुनावणी होईल. सुनावणीत विचारतील, तीनशे अकरा समजूतदार माणसांना हरकत नाही, मग हिला एकटीलाच का? आणि हरकत फेटाळतील. त्याच्या आवाजात काळजी होती, सादरीकरणाची.

आठवड्यानं ती वाचनालयात आली. दुपारची वेळ, आत मी एकटा होतो. तिच्या हातात कागद होता, चौथीच्या अक्षरात, पण एकही ओळ उगाच नसलेला. पहिल्या पानावर झरा, भेगा, नऊ बोअर. दुसऱ्या पानावर अंगठे कुणाचे आणि डोकं कुणाचं. खाली तिची सही, आणि साक्षीदार म्हणून माझ्या नावापुढे मोकळी जागा.

हे खरं ठरलं तर तीनशे अकरा दिवे रद्द होणार होते. प्रत्येकाला पुन्हा ऐकावं लागणार होतं, स्वतःच्या डोक्यानं, आणि प्रत्येकाचे तीस दिवस पुन्हा सुरू होणार होते. मी म्हटलं, शालनबाई, यात माझी नोकरी जाईल, गुन्हा दाखल होईल. तुमच्यावरही.

"ठावं हाय. तेविसावा धडा, खोटी नोंद. दोघांवर हुईल."

मी पेन उचललं, म्हणजे हातात धरलं. तिनं कागद माझ्या हाताखालून काढून घेतला आणि यंत्राच्या काचेखाली ठेवला.

"आदी पट्टा घाला, सर."

मला काय समजायचं राहिलंय, असं मी विचारलं. कागद मी नुकताच वाचला होता.

"ते यंत्र सांगंल. उद्या तुमी म्हणाल, सही घेतली तवा मला समजलं न्हवतं. हितं समदी त्येच म्हणत्यात."

तिनं माझा अंगठा पाटीवर टेकवला आणि पट्टा बांधला, मी वर्षभर तिच्या कपाळाला बांधत होतो तसाच, मागच्या बाजूनं, घट्ट. यंत्र तिचा कागद वाचू लागलं. मी ठरवलं होतं की मन कोरं ठेवायचं. भिंतीकडे बघायचं, कपाटावरचे क्रमांक मोजायचे, एकही झटका येऊ द्यायचा नाही. दिवा तांबडा राहिला की म्हणता येईल, बघा बाई, मला यातलं काही कळत नाही, माझी साक्ष कशी चालेल? तीनशे अकरा जणांचं हत्यार मीही उपसणार होतो.

कपाटावरचे क्रमांक मी एकवीसपर्यंत मोजले. यंत्राचा आवाज शांत होता. करारात झरा आटणार हे शालन मदने यांनी ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी सांगितले. हरकत गावातर्फे नोंदवू, असे आश्वासन ग्रंथपालांनी दिले. त्यानंतर ग्रंथपालांनी ही गोष्ट सरपंचांपासून नकळत लपवून ठेवली.

कागदावर 'जाणूनबुजून' होतं. मी मघाशीच वाचलं होतं. यंत्रानं तो शब्द उलटा केला होता, नेहमीप्रमाणे, परीक्षेपुरता. भिंतीकडे बघत असतानाच कुठेतरी आत काहीतरी अडखळलं, आणि पडद्यावरची झटक्यांची रेघ उसळली.

बाकीचे अकराही आले. शालन पडद्याकडे बघत नव्हती. तिनं पेनचं टोपण काढून पेन माझ्यासमोर ठेवलं होतं.

मी सही केली. चार रंगांच्या पेनांनी हजारो सह्या केलेल्या या हातानं स्वतःची सही करायला बराच वेळ लावला. सध्या मी निलंबित आहे, चौकशी चालू आहे, माळावर बोअर बंद आहेत, आणि बेलखडीची माणसं वाचनालयाच्या ओट्यावर बसून आपापल्या डोक्यानं एक्केचाळिसावा धडा ऐकताहेत. बापूसाहेबांची नववी खेप आहे म्हणे. त्यांना समजावायला शेजारी शालन बसते. उमजच्या नोंदीत माझ्या नावापुढे आजवर एकच दिवा लागलेला आहे. हिरवा आहे, आणि तो माझ्याच डोक्याचा आहे.